राजाच्या वाढदिवशी घरावर डच ध्वज आणि त्याच्याही वर नारिंगी पट्टी: आपण लावावी का?

आम्स्टलवेनकर (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी,

आम्ही गेली काही वर्षे नेदरलँड्समध्ये, आम्स्टलवेन येथे राहत आहोत. 27 एप्रिलला, म्हणजे राजे विलेम-अलेक्झांडर यांच्या वाढदिवशी, आमच्या गल्लीतील बहुतेक घरांवर लाल-पांढरा-निळा ध्वज लागतो आणि त्याच काठीला, ध्वजाच्या वरच्या अंगाला, एक लांबलचक नारिंगी पट्टी बांधलेली असते. आजवर आम्ही हे सारे खिडकीतून पाहत आलो. यंदा मात्र शेजारच्या आजींनी त्यांच्याकडील जास्तीचा ध्वज, काठी आणि ती नारिंगी पट्टी असे सगळेच आमच्या मुलीच्या हातात ठेवले आणि "तुमच्याही घरावर दिसू दे" असे सांगून त्या निघून गेल्या. मुलीचा उत्साह ओसंडून वाहत आहे. अडचण आहे ती आम्हा दोघांची.

लहानपणापासून आमच्या मनावर बिंबलेले आहे की राष्ट्रध्वजाच्या वर काहीही असता कामा नये. भारतीय ध्वजसंहितेत तर फुले किंवा हारसुद्धा ध्वजदंडावर ठेवू नयेत, असे स्पष्ट म्हटले आहे. मग ज्या काठीला एका देशाचा राष्ट्रध्वज आहे, तिच्याच टोकाला राजघराण्याच्या रंगाची पट्टी बांधणे हा त्या ध्वजाचा अवमान नाही का, ही माझी पहिली शंका. दुसरी शंका अशी की आमचे पारपत्र भारतीय आहे. परक्या देशाच्या नागरिकांनी येथील ध्वज स्वतःच्या घरावर लावणे येथे चालते का, की ते आगाऊपणाचे दिसेल? आणि यजमानांनी तिसराच विचार मांडला आहे, तो असा की डच ध्वज लावायचाच असेल तर शेजारी आपला तिरंगाही लावावा. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

हेगवासी

ताई, तुमच्या पहिल्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण येथे नव्याने आलेल्या जवळजवळ प्रत्येक भारतीयाला ती पडते.

त्या नारिंगी पट्टीला येथे विम्पल म्हणतात. तो ध्वज मानला जात नाही, त्यामुळे एका ध्वजावर दुसरा ध्वज चढवल्याचा प्रश्न उद्भवत नाही. विम्पल ध्वजापेक्षा बराच लांब आणि अगदी अरुंद असतो, आणि तो केवळ एवढेच सांगतो की आजचा ध्वज राजघराण्यातील कोणाच्या तरी वाढदिवसानिमित्त किंवा तशाच एखाद्या आनंदाच्या प्रसंगानिमित्त लावलेला आहे. भारतीय ध्वजसंहितेतील नियम तिरंग्यासाठी आहेत. त्या मापाने दुसऱ्या देशाच्या ध्वजाचा मान मोजायला गेलो, तर त्या देशाचे सरकारच स्वतःच्या ध्वजाचा अवमान करते असे म्हणावे लागेल, कारण मंत्रालयांच्या इमारतींवरही त्या दिवशी ध्वजाच्या वर विम्पल असतो. शिवाय घराच्या भिंतीला तिरकी बसवलेली काठी असली की विम्पल टोकापासून सरळ खाली लोंबतो आणि ध्वजाच्या पुढच्या बाजूने वाऱ्यावर हलत राहतो. खालून पाहणाऱ्याला तो 'वर' असल्याचे फारसे जाणवतही नाही.

दुसऱ्या शंकेबाबत. पंतप्रधानांच्या मंत्रालयाकडून ध्वजासंबंधी सूचना प्रसृत होतात, पण त्या सरकारी इमारतींना लागू असतात. खासगी व्यक्तीने आपल्या घरावर ध्वज कधी लावावा, याची सक्ती कायद्याने केलेली नाही, आणि लावणाऱ्याचे नागरिकत्व कोणते, हे तर कोणी विचारतही नाही. तरीही सर्वसामान्य लोक सरकारी सूचनांमधील दिवस आणि पद्धती बहुतांशी पाळतात, आणि माझ्या मते आपणही त्या पाळाव्यात. कारण पाहुण्याच्या हातून झालेली चूक शेजारी बोलून दाखवत नाहीत, पण ती त्यांच्या लक्षात येते.

विम्पलसह ध्वज लावण्याचे ठरलेले दिवस चार आहेत: 31 जानेवारीला माजी राणी बेआट्रिक्स यांचा, 27 एप्रिलला राजांचा, 17 मेला राणी मॅक्सिमा यांचा आणि 7 डिसेंबरला युवराज्ञी अमालिया यांचा वाढदिवस. यांपैकी एखादा दिवस रविवारी आला तर ध्वज दुसऱ्या दिवशी लागतो. अपवाद फक्त राजांच्या वाढदिवसाचा. तो रविवारी आल्यास सण एक दिवस अलीकडे, शनिवारी 26 तारखेला साजरा होतो. 2014 मध्ये आणि 2025 मध्ये असेच झाले होते. 2014 चा तो पहिलाच कोनिंग्सडाख, म्हणजे राजाच्या वाढदिवसाचा राष्ट्रीय सण, होता आणि त्या दिवशी राजांनी भेट दिलेल्या दोन गावांपैकी एक तुमचेच आम्स्टलवेन होते, हे आपल्या शेजारच्या आजींना विचारून पाहा. त्या नक्कीच काहीतरी सांगतील.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. 27 एप्रिलनंतर अवघ्या आठवड्याभराने 4 मे येतो. दुसऱ्या महायुद्धातील आणि त्यानंतरच्या युद्धांमधील मृतांचे ते स्मरण असते. ध्वज अर्ध्यावर उतरवलेला असतो आणि रात्री 8 वाजता सारा देश दोन मिनिटे स्तब्ध उभा राहतो. दुसऱ्या दिवशी, 5 मेला, मुक्तिदिन असतो आणि ध्वज पूर्ण उंचीवर जातो. या दोन्ही दिवशी विम्पल लावायचा नसतो. राजाच्या वाढदिवसाची नारिंगी पट्टी काढण्याचा आळस करून ती 4 मेला तशीच लोंबत राहिली, तर मात्र शेजारपाजारच्या वयस्कर मंडळींना ते खरोखर खुपते. त्यामुळे 27 तारखेला संध्याकाळी सूर्यास्ताच्या वेळी ध्वज आणि विम्पल दोन्ही उतरवावेत. ध्वजावर दिव्याचा प्रकाश पाडण्याची सोय नसेल तर रात्रभर तो बाहेर ठेवत नाहीत, हा संकेत येथे अजूनही बऱ्यापैकी पाळला जातो. आपल्याकडे जुलै 2022 पासून घरावरील तिरंगा दिवसरात्र ठेवण्याची मुभा मिळाली आहे, तिची सवय येथे लावून घेऊ नये.

गणराज्यप्रेमी

हेगवासी यांनी दिलेली माहिती उपयुक्त आहे, परंतु मूळ प्रश्नातील एका बाजूला त्यांनी हातच घातला नाही. ध्वज कसा लावायचा, हे ठीक. पण का लावायचा? आपण एका प्रजासत्ताकाचे नागरिक आहोत. ज्या देशाने संस्थानिकांचे तनखेसुद्धा 1971 मध्ये घटनादुरुस्ती करून बंद केले, त्या देशातून आलेल्या माणसाने केवळ जन्माने मिळालेल्या सिंहासनाचा उत्सव स्वतःच्या दारावर का मिरवावा? डच लोकांमध्येही राजेशाही नको म्हणणारे लोक आहेत, ते या दिवशी ध्वज लावत नाहीत आणि त्यांना कोणी त्याबद्दल जाब विचारत नाही. मी स्वतः उत्रेख्तमध्ये राहतो. त्या दिवशी रस्त्यावर भरणाऱ्या जुन्या वस्तूंच्या बाजारात मनसोक्त फिरतो, मुलांनी चादरीवर मांडलेली खेळणी घासाघीस न करता विकत घेतो, नारिंगी साखरेचा थर दिलेली टोम्पूस नावाची पेस्ट्रीही आवडीने खातो. पण घरावर ध्वज आणि त्यावर राजघराण्याचा रंग, एवढे माझ्याच्याने होत नाही. शेजाऱ्यांशी सलोखा ठेवायचा तर 5 मेला ध्वज लावावा. तो मुक्तीचा दिवस आहे, कोणा एका घराण्याचा नव्हे.

वेंगुर्लेकर

गणराज्यप्रेमी यांचा मुद्दा तत्त्वतः मला मान्य आहे, पण नारिंगी रंगाकडे केवळ एका घराण्याची निशाणी म्हणून पाहिले तर या देशाच्या इतिहासातील बरेच काही निसटते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

हा रंग ऑरांज घराण्याचा, आणि त्या घराण्याचा विलेम (1533 ते 1584) हा स्पेनच्या राजाविरुद्ध झालेल्या उठावाचा नेता. म्हणजे नारिंगी रंग या भूमीवर प्रथम मिरवला गेला तो एका राजाच्या विरोधात. त्या उठावातून जे राज्य उभे राहिले ते प्रजासत्ताक होते आणि ते दोनशे वर्षे टिकले. आजची राजेशाही त्यानंतरची, 1815 पासूनची आहे. उठावाच्या काळातील निशाण नारिंगी-पांढरे-निळे होते. सतराव्या शतकात त्यातील नारिंगीची जागा हळूहळू लाल रंगाने घेतली. आमच्या वेंगुर्ल्यात त्याच शतकात डचांनी वखार बांधली, तिचे भग्नावशेष आजही उभे आहेत. कोकणच्या किनाऱ्याला डच निशाणाची ओळख झाली ती या रंगबदलाच्याच काळात.

पुढे 1930 च्या दशकात येथील नाझीधार्जिण्या पक्षाने जुने नारिंगी-पांढरे-निळे निशाण आपले म्हणून उचलले. तेव्हा राणी विल्हेल्मिना यांनी 19 फेब्रुवारी 1937 रोजी एका ओळीचा फर्मान काढला की राज्याच्या ध्वजाचे रंग लाल, पांढरा आणि निळा हेच आहेत. यातील गंमत लक्षात घ्यावी: ज्यांच्या घराण्याचा रंग नारिंगी, त्यांनीच तो राष्ट्रध्वजातून कायमचा बाहेर ठेवला. राष्ट्रध्वज सर्वांचा राहिला आणि नारिंगीला विम्पलपुरती, तीही ठरावीक दिवसांपुरती, जागा मिळाली. प्रश्नकर्त्या ताईंना जे 'ध्वजाच्या वर' म्हणून खटकते आहे, ते मला उलट या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्याची चांगली युक्ती वाटते. पट्टी सोडवून घडी घातली की मागे उरतो तो निव्वळ देशाचा ध्वज.

आणखी एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. मे 1940 मध्ये जर्मनीने देश व्यापला आणि राणी लंडनला गेल्या. त्यानंतर सुमारे दीड महिन्याने, 29 जून 1940 रोजी, राणींचे जावई राजपुत्र बेर्नहार्ड यांचा वाढदिवस आला. ते पांढरे कार्नेशन कोटाला लावत असत, म्हणून हेगमध्ये लोकांनी त्या दिवशी कोटावर कार्नेशन खोवली, राजवाड्यापाशी फुलांचे ढीग रचले, नारिंगी रंग अंगावर मिरवला. कब्जेदार सरकारला त्याचा अर्थ बरोबर कळला. त्याने शहराच्या महापौरांना पदावरून दूर केले आणि राजघराण्याविषयीची निष्ठा दाखवण्यावर बंदी घातली. राजघराण्यातील कोणाचा तरी वाढदिवस साजरा करणे हाच ज्या देशात एकेकाळी उघड निषेध ठरला होता, तेथील वृद्ध माणसे ही पट्टी हातात घेताना राजेशाहीच्या तात्त्विक बाजूचा विचार करत असतील, असे मला वाटत नाही. गणराज्यप्रेमी यांनी ध्वज लावू नये, हा त्यांचा हक्क आहे; पण शेजारच्या आजींनी जो ध्वज मुलीच्या हातात दिला, तो केवळ सिंहासनापुढे नमस्कार करण्यासाठी दिला, असे मानण्याचे कारण नाही.

गणराज्यप्रेमी

1940 चा प्रसंग मला ठाऊक नव्हता आणि त्याने विचारात पाडले, हे खरे. तरीही माझे मत कायम आहे. व्याप्त देशात कार्नेशन कोटाला खोवणे आणि आज, कोणताही धोका नसताना, राजाच्या वाढदिवसाला पट्टी टांगणे, यांत फार अंतर आहे. ताईंनी मात्र माझ्या मतामुळे मुलीचा हिरमोड करू नये.

लंडनस्थित

येथे इंग्लंडमध्ये आम्ही 6 मे 2023 रोजी राजे चार्ल्स यांच्या राज्याभिषेकाच्या निमित्ताने घरावर युनियन जॅक लावला होता, म्हणून दोन शब्द. येथील नियम जाहिरात फलकांच्या नियमावलीत येतात, हे वाचून मौज वाटेल. परंतु त्याच नियमावलीनुसार कोणत्याही देशाचा राष्ट्रध्वज लावायला स्थानिक प्रशासनाची परवानगी लागत नाही. जागेच्या मालकाची संमती, ध्वज सुस्थितीत असणे आणि रस्त्यावरील वाहतुकीच्या खुणा न झाकणे, एवढे सांभाळावे लागते. खरी फजिती होते ती उलटा लावल्याने. युनियन जॅकमध्ये काठीच्या बाजूला असलेला रुंद पांढरा तिरका पट्टा वर यावा लागतो, आणि राज्याभिषेकाच्या दिवशी आमच्या रस्त्यावर निम्मे ध्वज उलटे होते, तेही जन्माने इंग्रज असलेल्यांच्या घरांवर. डच ध्वजात ही भानगड नसेल असे वाटते.

हेगवासी

लंडनस्थित यांना: येथेही आहे, आणि तुमच्यापेक्षा जास्त नाजूक आहे. 2022 मध्ये शेतीतून होणारे नायट्रोजनचे प्रदूषण कमी करण्याच्या सरकारी धोरणाविरुद्ध शेतकऱ्यांचे मोठे आंदोलन झाले, त्या वेळी निषेध म्हणून ध्वज उलटा, म्हणजे निळा पट्टा वर करून, रस्तोरस्ती लावला गेला. त्यावर कायद्याने बंदी नाही, पण अर्थ सर्वांना कळतो. म्हणून ताईंनी लाल पट्टा वर आहे ना, हे बांधण्यापूर्वी दोनदा पाहावे. नाहीतर राजाच्या वाढदिवसाला तुमच्या घराने आंदोलन पुकारल्यासारखे दिसेल.

तिरंग्याविषयी मी मुद्दाम थांबलो होतो, कारण यजमानांचा विचार चांगला असला तरी प्रसंग योग्य नाही असे मला वाटते. आपली संहिता सांगते की तिरंगा इतर कोणत्याही ध्वजाबरोबर एका काठीवर लावू नये. दोन देशांचे ध्वज एकत्र लावायचेच असतील तर काठ्या सारख्या उंचीच्या असाव्यात, कारण शांततेच्या काळात एका राष्ट्राचा ध्वज दुसऱ्याच्या वर लावणे आंतरराष्ट्रीय प्रथेला मान्य नाही. मानाची जागा यजमान देशाची, म्हणजे रस्त्यावरून पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला डच ध्वज आणि उजवीकडे तिरंगा. सुदैवाने दोन्ही ध्वजांचे प्रमाण 3:2 असेच आहे, त्यामुळे एकाच मापाचे सहज मिळतात. अडचण अशी की डच काठीला विम्पल बांधला की ती बाजू उंच आणि भरगच्च दिसते, आणि तिरंगा तिच्या शेजारी उगाचच कमी भासतो. राजाचा वाढदिवस हा त्यांचा दिवस आहे. तो त्यांच्यासारखाच साजरा करावा.

तिरंग्यासाठी 15 ऑगस्ट आहे. त्या दिवशी येथील सरकारी इमारतींवरही डच ध्वज लागतो, कारण 15 ऑगस्ट 1945 रोजी जपानच्या शरणागतीने डच राज्यासाठी दुसरे महायुद्ध संपले, आणि त्या दिवशी विम्पल नसतो. दोन स्वतंत्र काठ्या, दोन सारखे ध्वज. यजमानांची इच्छा त्या दिवशी उत्तम प्रकारे पूर्ण होईल.

आम्स्टलवेनकर

सर्वांचे मनापासून आभार. वेंगुर्लेकर यांनी लिहिलेले मी मुलीला वाचून दाखवले. कार्नेशनची गोष्ट तिला फारच आवडली. आम्ही 27 तारखेला ध्वज विम्पलसह लावणार आहोत आणि तिरंगा 15 ऑगस्टलाच काढणार आहोत. यजमानही राजी आहेत.

आता एक व्यावहारिक अडचण. आमचे घर भाड्याचे आहे, पहिल्या मजल्यावर आहे, आणि दर्शनी विटांच्या भिंतीला भोक पाडणे म्हणजे घरमालकांशी पत्रव्यवहार आला. काठी कशी बसवावी? शिवाय मुलगी विचारते की जूनमध्ये काही घरांवर ध्वजाच्या काठीला चक्क शाळेचे दप्तर लटकवलेले दिसते, ते कशासाठी? ध्वजाच्या काठीला दप्तर, हे पाहून मला पुन्हा तीच संहिता आठवली.

वेंगुर्लेकर

दप्तराचे सांगतो. माध्यमिक शाळेची अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाल्याचा निरोप आला की त्या घरातील मुले ध्वज बाहेर काढतात आणि काठीच्या टोकाला आपले जुने दप्तर अडकवतात. म्हणजे आता दप्तराची गरज संपली. बहुतेक वेळा ते दप्तर फाटके, पट्टा तुटलेले आणि मार्करने मित्रांच्या सह्या केलेले असते. येथे ध्वज हा घरातील आनंदाच्या बातमीतही सहभागी होतो. आपल्याकडे 2002 पर्यंत सामान्य माणसाला आपल्या घरावर तिरंगा लावण्याची मुभा ठरावीक राष्ट्रीय दिवसांपुरतीच होती आणि तो मूलभूत हक्काचा भाग आहे, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 2004 मध्ये आला. त्यामुळे ध्वज म्हणजे दुरून वंदन करण्याची वस्तू, अशी आपली घडण झाली आहे. डच माणसाचा ध्वज जिन्याखालच्या कपाटात, छत्र्यांच्या शेजारी गुंडाळून ठेवलेला असतो. यातले अमुक बरोबर आणि तमुक चूक, असे मी म्हणणार नाही, पण तुमच्या मुलीला एक दिवस दप्तर लटकवायचे आहे, याची तयारी ठेवा.

हेगवासी

काठीसाठी भोक पाडण्याची गरज नाही. बाल्कनीच्या कठड्याला आवळून बसवायचे तिरके धारक अवजारांच्या दुकानात मिळतात. घेताना कठड्याच्या नळीचा व्यास मोजून न्यावा आणि दोन स्क्रू असलेलाच घ्यावा, कारण एकाच स्क्रूवरचा धारक वाऱ्याने फिरतो आणि काठी खाली कलते. भाड्याच्या घरात दर्शनी बाजूला काहीही बसवण्याविषयी करारात अट असते, तेव्हा तेवढे कलम वाचून घरमालकांना दोन ओळींचा निरोप पाठवलेला बरा. एका दिवसासाठी कोणी नकार दिल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

पहिल्या मजल्यावर आहात, तर काठी बसवल्यावर आधी विम्पल एकटाच बांधून सोडून पाहा. तो खालच्या घराच्या खिडकीसमोर किंवा दारात येणाऱ्याच्या डोक्याशी लोंबणार असेल तर काठी थोडी वरच्या कोनात घ्यावी लागेल. ध्वज जमिनीला किंवा झुडपांना टेकता कामा नये, हे तुमच्या आणि त्यांच्या, दोन्ही संकेतांत समान आहे. बांधताना विम्पलचा फास काठीच्या टोकाला आणि त्याच्या लगेच खाली ध्वजाचा वरचा दोर, असा क्रम ठेवावा. मध्ये अंतर सोडले की दोन्ही कापडे एकमेकांभोवती पिळतात आणि दुपारपर्यंत त्यांची एकच सुरळी होते. एप्रिलअखेरीस येथे पाऊस येणार हे गृहीत धरून चालावे. संध्याकाळी उतरवलेला ओला ध्वज तसाच गुंडाळून आजींना परत करू नका. घरात पसरून पूर्ण वाळवा, कारण ओल्या घडीत लाल रंग पांढऱ्या पट्ट्यावर उतरतो आणि मग त्यांना 5 मेला तो लावता येणार नाही.